वजन-उंची नुसती विचारून काढलेला बीएमआय कितपत धरायचा?

टॉवेलवाला | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात एचआर बघतो. यंदा मालकांनी ठरवलंय की सगळ्या कामगारांचा आणि ऑफिसातल्या लोकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढायचा आणि ज्यांचा जास्त येईल त्यांची साखर-बीपी कंपनीच्या खर्चाने तपासून घ्यायची. कल्पना चांगली आहे. अडचण पद्धतीची आहे. व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म टाकायचा. नाव, वय, उंची, वजन. संध्याकाळपर्यंत यादी तयार.

मी म्हटलं, लोक वजन खरं सांगत नाहीत. त्यावर मालक म्हणाले, "दोन-चार किलो इकडंतिकडं झालं तर काय बिघडतंय? कुणी जास्त सांगेल, कुणी कमी. एकमेकांत फिटून जातं." ऐकायला हिशेब बरोबर वाटतो, पण मनाला पटत नाही. या विषयात कुणाचा हात बसलेला असेल तर सांगा. फॉर्मवर भागेल, का काटा आणि पट्टी घेऊन उभंच राहावं लागेल?

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९:२६

मालक, आपलं शेवटचं वजन गड्ड्याच्या जत्रेतल्या काट्यावर झालंय. ते लिहिलं तर चालतंय का बे? 😀

बाकी बायकांचं वजन विचारून खरं कळेल ही आशा सोडा.

जनारोग्य | सोमवार, रात्री १०:०५

जनआरोग्य हा माझा शिकवण्याचा विषय आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मालकांच्या हिशेबात एक गृहीत धरलेलं आहे: चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात. तसं झालं असतं तर खरंच बरंचसं फिटलं असतं. पण या चुका एकाच बाजूला कलतात. माणूस उंची वाढवून सांगतो आणि वजन उतरवून सांगतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यामुळे वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त झाला की दोन्ही चुका मिळून उत्तर खालीच खेचतात. त्यात उंचीचा वर्ग होत असल्याने उंचीत एक टक्का चूक झाली तर बीएमआयमध्ये ती जवळपास दोन टक्के होते.

हे फक्त माझं मत नाही. सांगितलेली आणि मोजलेली मापं शेजारी ठेवून बघणारे अभ्यास अनेक देशांत झाले. २००७ साली ओबेसिटी रिव्ह्यूज या नियतकालिकात त्यांचा मोठा आढावा आला. प्रमाण कमीजास्त असलं तरी कल हाच दिसला. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात (त्यात शाकाहारी लोक बरेच होते) ४८०८ जणांची सांगितलेली आणि मोजलेली मापं ताडून पाहिली होती. पुरुषांनी उंची सरासरी १.२३ सेंमी वाढवली होती, स्त्रियांनी ०.६० सेंमी. वजन पुरुषांनी १.८५ किलो कमी सांगितलं, स्त्रियांनी १.४० किलो.

कडक_भाकरी, हे आकडे परत एकदा वाचा. दोन्ही बाबतीत पुढे कोण आहे?

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०:११

ते इंग्लंडचे पुरुष, सर. सोलापूरचा गडी असलं करत नाही.

मैदानी | सोमवार, रात्री १०:३८

सोलापूरचा गडी काय करतो ते मी सांगतो. भरतीच्या पोरांची तयारी करून घेतो. पोलीस शिपाई पुरुषाला १६५ सेंमी उंची लागते, एसआरपीएफला म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला १६८. सोरेगावला त्या दलाचा गट क्रमांक १० असल्यामुळे आपल्याकडच्या पोरांचा ओढा तिकडे जास्त. नवीन पोरगं आलं की आधी उंची विचारतो. १६६ किंवा १६७ सांगणारं पोरगं फार कमी भेटतं. सगळे १६८ नाहीतर १७०. पट्टीला उभं केलं की निम्म्यांचे चेहरे उतरतात.

दुसरी गोष्ट. उंची दिवसभर एकसारखी राहत नाही. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात. सकाळी उठल्या उठल्या जी उंची असते ती संध्याकाळपर्यंत साधारण सेंटीमीटरभर कमी होते. पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. मोजणीच्या दिवशी नंबर येईपर्यंत मैदानात आडवी पडून राहतात. तुमच्या कारखान्यात पाळ्या असतील तर रात्रपाळी संपवून आलेला आणि झोपून उठून आलेला एकाच पट्टीला उभे राहणार, एवढं लक्षात असू द्या.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:५०

जनारोग्य सरांनी दिशा सांगितली. तिचा मालकांच्या यादीवर काय परिणाम होतो ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

भाजीवाल्याचा काटा कधी ५० ग्रॅम जास्त, कधी कमी दाखवत असेल तर महिन्याच्या बाजारात फारसं नुकसान नाही. दर वेळी ५० ग्रॅम कमीच तोलत असेल तर कितीही खरेदी करा, भरपाई होत नाही. मालक पहिल्या काट्याबद्दल बोलतायत, फॉर्म दुसरा काटा आहे.

आता समजा (हे माझे कल्पित आकडे) कारखान्यातला खरा सरासरी बीएमआय २४ आहे आणि आकडे नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरलेत, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ४. २५ ही जास्त वजनाची रेषा, ३० ही लठ्ठपणाची. तर २५ च्या वर साधारण ४० टक्के लोक येतात. फॉर्ममुळे प्रत्येकाचा बीएमआय फक्त १ ने खाली आला असं धरा. सरासरी २३ होईल, बघणाऱ्याला वाटेल, फार काही बिघडलं नाही. पण २५ च्या वरचे उरतील साधारण ३१ टक्के. म्हणजे ज्यांना तपासायचं होतं त्यांतला जवळजवळ दर चौथा माणूस यादीतून गायब. तो रेषेच्या जवळचा, आत्ताच सावध केलं तर फायदा होईल असा माणूस असतो.

आणखी एक सापळा आहे. कुणीतरी तुम्हाला सांगेल की सांगितलेल्या आणि मोजलेल्या वजनात सहसंबंध (दोन आकडे किती जोडीने कमीजास्त होतात ते, पूर्ण जुळले तर १) ०.९ च्या वर असतो, मग काळजी कसली? सगळ्यांनी ठरवून तीन-तीन किलो कमी सांगितले तर सहसंबंध पूर्ण १ येईल आणि तरीही एकाचंही वजन खरं नसेल. माणसांचा क्रम लावायला सहसंबंध उपयोगी आहे. रेषेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे तो सांगत नाही.

टॉवेलवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

चौथा माणूस गायब, हे मालकांना सांगितलं. आता ते म्हणतात, मग सरसकट प्रत्येकाच्या वजनात दोन किलो मिळवा आणि उंचीतून एक सेंमी वजा करा. 🙏

जनारोग्य | मंगळवार, दुपारी १:३०

दुरुस्तीची सूत्रं काढायचे प्रयत्न झालेले आहेत, मालक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण एका ठिकाणच्या लोकांवर बेतलेलं सूत्र दुसरीकडे लागू होईलच असं नाही. इंग्रज शाकाहाऱ्यांनी किती वजन लपवलं यावरून मागावर बसणाऱ्या माणसाचं वजन कसं ठरवणार?

शिवाय चूक सगळ्यांत सारखी नसते. जाड माणूस जास्त उतरवतो, मधला थोडं. अगदी हडकुळा असेल तर उलट वाढवूनही सांगतो. बुटका पुरुष उंची जास्त वाढवतो, उंच माणसाला वाढवायची गरजच नसते. दोन्ही टोकांची माणसं मधल्या आकड्याकडे सरकतात. सरसकट दोन किलो मिळवलेत तर हडकुळ्यांच्या वजनात चुकीची भर पडेल आणि जाडांची चूक तशीच शिल्लक राहील.

विचारणारा कोण आहे यावरही उत्तर बदलतं. डॉक्टरला माणूस एक सांगतो, कंपनीच्या फॉर्मवर दुसरं. नोकरी, बढती, विम्याचा हप्ता हे सगळं डोक्यात येतं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी फॉर्मवर कंपनीचं नाव आहेच ना.

आशाताई_घरकुल | मंगळवार, रात्री ८:४५

टॉवेलवाले दादा, तुम्ही सगळे खोटं सांगण्याबद्दल बोलताय. मी विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात फिरते. आमच्याकडे बहुतेक बायका खोटं सांगत नाहीत, त्यांना माहीतच नसतं.

"अक्का, वजन किती?" विचारलं की हसतात. शेवटचं वजन कधी केलं? तर धाकट्या पोराच्या वेळेला, कार्डावर लिहिलंय बघ. ते पोरगं आता दहावीला! उंची तर आयुष्यात कुणी मोजलेलीच नसते. मग शेजारीण सांगते, "लिहा पाच फूट." सगळ्या पाच फुटाच्या. त्यात कुणी तेलुगूत सांगते, कुणी मराठीत, सासू तिसरंच सांगते.

तुमच्या कारखान्यातल्या शिलाईच्या आणि घड्या घालायच्या खात्यात अशा बायका असणारच. त्यांचा फॉर्म त्यांचं पोरगं नाहीतर सुपरवायझर भरणार, अंदाजाने. ते आकडे तुम्ही काय म्हणून धरणार? रिकामं ठेवलं तर बरं, निदान माहिती नाही हे तरी कळेल. "माहीत नाही" असा पर्याय फॉर्मवर आहे का?

टॉवेलवाला | मंगळवार, रात्री ९:०२

नाही, ताई. चारही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:४०

आशाताईंनी नेमकं सांगितलं. सक्तीचा रकाना म्हणजे आकडा बनवून द्यायचं आमंत्रण. आणि अंदाजाचे आकडे ओळखू येतात: वजनं ५५, ६०, ६५, ७० वर गोळा होतात, ६३ आणि ६७ फारशी दिसत नाहीत. फॉर्म आला की शेवटच्या आकड्यांची मोजणी करा. ० आणि ५ चा ढीग दिसला तर लोकांनी काट्यावर पाय ठेवलेला नाही असं समजा.

पण तुमचा फॉर्म आणखी एका ठिकाणी फसणार आहे, आणि त्याचा खरंखोटं सांगण्याशी काही संबंध नाही. उंची कशात विचारलीय?

टॉवेलवाला | मंगळवार, रात्री ९:४४

फुटात. सेंटीमीटर कुणाला कळतंय?

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:२०

वाटलंच होतं. आता बघा. वजन ७० किलो, उंचीच्या रकान्यात लिहिलं ५.५. एकाच्या मनात पाच फूट पाच इंच आहे, म्हणजे १६५.१ सेंमी. दुसऱ्याच्या मनात साडेपाच फूट, म्हणजे पाच फूट सहा इंच, १६७.६ सेंमी. पहिल्याचा बीएमआय २५.७, दुसऱ्याचा २४.९. दोघंही खरं बोलले, दोघांनी एकच आकडा लिहिला आणि एक २५ च्या वर गेला, दुसरा खाली राहिला.

याहून वाईट म्हणजे पाच फूट दहा इंचाचा माणूस. तो लिहिणार ५.१०. एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकतं, उरतं ५.१. म्हणजे १७७.८ सेंमीचा गडी १५४.९ सेंमीचा झाला. वजन ७५ असेल तर बीएमआय २३.७ चा ३१.३ होतो. तुमच्या कारखान्यातला सगळ्यात उंच, धडधाकट माणूस लठ्ठांच्या यादीत पहिला येणार, आणि मालक त्याला बोलावून घेऊन चालायला जा म्हणून सांगणार.

फुटाचा वेगळा रकाना आणि इंचाचा वेगळा रकाना करा. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं कराच.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री १०:२४

आमच्या खात्यात तसला एक आहे. त्याला मी आत्ताच ३१ म्हणून हाक मारणार आहे.

जुना_दमाणीनगरकर | बुधवार, सकाळी ६:३०

वयस्कांचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी निवृत्त आहे. कुणी उंची विचारली तर तिशीत नोकरीला लागताना मेडिकलला मोजली होती तीच सांगतो. परवा नातवाने भिंतीला उभं करून मोजली तर दोन बोटं कमी भरली. पट्टी चुकली म्हणून त्याला परत मोजायला लावलं, तरी तेवढीच.

जनारोग्य | बुधवार, सकाळी ८:१०

नातवाची पट्टी बरोबर आहे, काका. 🙂 अमेरिकेत बाल्टिमोरला माणसांची मापं वर्षानुवर्षं घेत राहिलेला एक अभ्यास आहे. त्यात वयाच्या तिशीपासून सत्तरीपर्यंत पुरुषांची उंची सरासरी ३ सेंमी आणि स्त्रियांची ५ सेंमी कमी झालेली आढळली. चकत्या पातळ होतात, हाडं ठिसूळ झाली की मणके चेपतात, पाठीला बाक येतो.

इथे प्रश्न थोडा अवघड होतो. तरुणपणी १५४ सेंमी असलेल्या आजी आता १५० भरतात, वजन ५८ आहे. जुन्या उंचीने बीएमआय २४.५, आजच्या उंचीने २५.८. मोजमाप आजचंच खरं. पण मधल्या फरकात चरबी कणभरही वाढलेली नाही, फक्त मणके चेपलेत. म्हणून वयस्कांच्या बाबतीत मी बीएमआयवर एकट्यावर विसंबत नाही. कारखान्यातले लोक साठीच्या आतले असतील, तुम्हाला ही अडचण फारशी येणार नाही. मात्र कुणाची उंची तरुणपणापेक्षा बरीच घटलेली दिसली तर हाडांच्या तपासणीचा विचार करायला हवा.

स्पष्टच_बोलतो | बुधवार, दुपारी १२:१५

एवढा काथ्याकूट कशासाठी? मुळात बीएमआयच टाकाऊ आहे. पैलवानाचा पण ३० येतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या बेल्जियमच्या गणितज्ञाचं सूत्र घेऊन सोलापूरच्या माणसाला तोलायचं?

जनारोग्य | बुधवार, दुपारी ३:००

सूत्र केटलेचं, १८३० च्या दशकातलं, हे बरोबर. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं, ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पैलवानाचं उदाहरण खरं आहे, पण कारखान्यात पैलवान किती असतात?

आपल्याकडे खरी अडचण पैलवानाच्या उलट बाजूची आहे. २००४ च्या लॅन्सेटमध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्या लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हा असं सांगतात. आता मूळ विषयाशी सांधा जोडा: रेषा २३ वर आणली की रेषेच्या आसपास माणसांची गर्दी आणखी वाढते, आणि एक-दीड आकड्याची चूक आणखी जास्त लोकांना इकडून तिकडे टाकते. रेषा जितकी नाजूक, तितकं माप पक्कं हवं.

त्यासोबत पोटाचा घेर घ्या. पुरुषांना ९० सेंमी, स्त्रियांना ८० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा. तोही विचारायचा नाही, टेपने मोजायचा. कमरेचं माप विचारलं की पुरुष पँटचा नंबर सांगतात, आणि पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

स्पष्टच_बोलतो | बुधवार, दुपारी ३:२०

पँटचं पटलं. बाकीचं अर्धं पटलं.

टॉवेलवाला | गुरुवार, रात्री ९:३०

मालकांना हा धागाच वाचून दाखवला. ५.१० चं उदाहरण ऐकून हसले, पण मोजायला तयार झाले. फक्त त्यांचा शेवटचा मुद्दा: सरकारी सर्वेक्षणवाले तरी कुठे मोजत बसतात?

जनारोग्य | गुरुवार, रात्री १०:००

मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात माणसं काटा आणि उंचीची पट्टी खांद्याला लावून घरोघर फिरतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष २५ च्या वर आढळले, ते मोजून. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना त्या हिशेबात धरत नाहीत, तुम्हीही धरू नका. याउलट अमेरिकेत फोनवरून विचारून केलेलं मोठं सर्वेक्षण दर वर्षी होतं आणि मोजून केलेलं वेगळं. फोनवरच्या आकड्यांत लठ्ठपणा कमी दिसतो. म्हणून दोन्हींची तुलना करताना जाणकार हात राखून बोलतात.

सगळ्यांना मोजणं जमत नसेल तर फॉर्म सगळ्यांकडून घ्या आणि चिठ्ठ्या टाकून दर खात्यातले काही जण मोजा. त्यांच्या फरकावरून तुमच्याच लोकांची चूक कळेल. पण तुमचं काम माणसं निवडून तपासायला पाठवण्याचं आहे. सरासरीची दुरुस्ती करता येईल, पण यादीतून सुटलेला माणूस त्याने सापडत नाही. कारखान्याएवढ्या लोकांना मोजायला फार वेळ लागत नाही, सरळ मोजा.

आशाताई_घरकुल | गुरुवार, रात्री १०:२५

मोजताना: चपला-बूट काढून, टाचा-पाठ भिंतीला, नजर समोर. बायकांचा अंबाडा सोडायला सांगा, नाहीतर पट्टी केसांवर टेकते. काटा कडक फरशीवर ठेवा, चटईवर नको. खिशातला मोबाईल, किल्ल्या, कात्री बाहेर. आणि दादा, बायकांसाठी आडोसा आणि मोजणारी बाईच ठेवा. आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा नाही, कागदावर लिहून त्यांनाच दाखवायचा. ओरडून सांगितला की पुढच्या वेळी अर्ध्या येणार नाहीत.

मैदानी | गुरुवार, रात्री १०:५०

उंचीची लाकडी पट्टी माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. महिनाअखेर परत लागेल, पोरांची मोजणी आहे. आणि भिंतीला पायाची फरशीची पट्टी असेल तिथे पट्टी लावू नका, टाच टेकत नाही.

टॉवेलवाला | शुक्रवार, सकाळी ८:४०

मैदानी सर, पट्टी न्यायला उद्या संध्याकाळी येतो. काटा कंपनीत आहे, पण गठ्ठे तोलायचा. तो २०० ग्रॅमने पुढे सरकतो, चालेल ना?

आकडेमोड | शुक्रवार, सकाळी ८:५२

माणसासाठी चालेल. फक्त आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघा, २० किलोची दोन मापं मिळाली तर उत्तम. आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला शून्यावर आणायचा.